वाढलेल्या घरखर्चाचं मत कसं होतं?

२०२४ च्या एप्रिलमध्ये लोकसभेचं मतदान सुरू झालं, तेव्हा देशातली किरकोळ महागाई ४.८३ टक्के होती. रिझर्व्ह बँकेला ठरवून दिलेलं लक्ष्य ४ टक्क्यांचं, त्यात वर-खाली २ टक्क्यांची मुभा. म्हणजे कागदावर सारं मर्यादेत होतं. तरीही लोकनीती-सीएसडीएस या संशोधन संस्थेच्या मतदानाआधीच्या पाहणीत ‘तुमच्यासाठी सर्वांत मोठा प्रश्न कोणता’ याला २७ टक्के लोकांनी बेरोजगारी असं उत्तर दिलं आणि २३ टक्क्यांनी महागाई. राममंदिराचं नाव घेणारे ८ टक्के होते. निकाल लागला तेव्हा भाजप ३०३ जागांवरून २४० वर आला होता.

आता १५ वर्षं मागे जा. २००९ च्या निवडणुकीआधी किरकोळ महागाई ८ ते १० टक्क्यांच्या घरात होती. तेव्हा ती मोजायचा निर्देशांक वेगळा होता, पण घरातल्या बाईला ती जाणवत होती यात शंका नाही. त्या निवडणुकीत सत्ताधारी काँग्रेसच्या जागा घटल्या नाहीत, उलट १४५ वरून २०६ झाल्या.

‘महागाई वाढली की सरकार पडतं’ हे आपण इतक्या वेळा ऐकतो की ते खरंच वाटू लागतं. निवडणुकांचा इतिहास तसं सांगत नाही. माझ्या मते वाढलेल्या खर्चाचं मतात रूपांतर व्हायला दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात: घरात येणारा पैसा मागे पडलेला असतो, आणि त्या भावामागे कुणाचा तरी हात स्पष्ट दिसत असतो. यांतली एकच असेल तर लोक कुरकुरतात, पण मत बदलतीलच असं नाही.

सरकारी आकडा आणि बाजारातली पिशवी

आधी एक गैरसमज दूर करू, कारण प्रचाराच्या काळात सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. महागाईचा दर कमी झाला याचा अर्थ भाव उतरले असा होत नाही. भाव चढायचा वेग मंदावला, एवढाच त्याचा अर्थ. नळ थोडा बारीक केला म्हणून बादलीत आधीच भरलेलं पाणी कमी होत नाही, तसंच हे.

समजा एका घराचा वाणसामान, दूध, भाजीपाल्याचा खर्च महिन्याला ५००० रुपये आहे. दोन वर्षं अन्नधान्याची महागाई ८ टक्के राहिली, तर तो ५८३२ रुपये होतो. तिसऱ्या वर्षी महागाई ४ टक्क्यांवर ‘आटोक्यात’ आली, तरी खर्च ६०६५ रुपयांवर जातो. अर्थमंत्री म्हणणार, महागाई निम्म्यावर आणली. घर म्हणणार, तीन वर्षांपूर्वीपेक्षा महिन्याला हजार रुपये जास्त जातात. दोघंही खरं बोलत असतात. पण मतदानाला जाताना माणूस आपल्याच घराचा हिशेब घेऊन जातो.

अमेरिकेत २०२४ मध्ये हेच झालं. तिथली महागाई जून २०२२ मध्ये ९.१ टक्क्यांवर होती, ऑक्टोबर २०२४ पर्यंत ती २.६ टक्क्यांवर आली. पण मधल्या काळात चढलेलं घरभाडं, विमा, अंडी, मांस पूर्वीच्या भावाला परत आलं नाही. सत्ताधारी पक्ष ‘महागाई उतरली’ सांगत राहिला आणि हरला. आपली बरीच मराठी कुटुंबं राहतात त्या न्यू जर्सीत २०२० मध्ये बायडेन जवळपास १६ टक्क्यांच्या फरकानं जिंकले होते. कमला हॅरिस यांनी ते राज्य राखलं, पण फरक ६ टक्क्यांच्या आसपास उरला.

दुसरी गोष्ट सरासरीची. ४.८३ टक्के हा आकडा कपडे, घरभाडं, मोबाइलचं रिचार्ज, औषधं, सगळं मिळून काढलेला आहे. त्याच एप्रिलमध्ये फक्त खाण्याच्या वस्तूंची महागाई ८.७ टक्के होती. २०२२-२३ च्या सरकारी पाहणीनुसार ग्रामीण भागातलं कुटुंब आपल्या खर्चातला ४६ टक्के हिस्सा खाण्यावर घालवतं आणि शहरातलं ३९ टक्के. हीसुद्धा सरासरीच. ज्या घरात मोलमजुरीवर भागतं तिथे हा हिस्सा आणखी मोठा असतो. म्हणून एकाच महिन्यात, एकाच गावात, दोन घरांची महागाई वेगवेगळी असते आणि गरीब घराची बहुधा जास्त.

शिवाय आपण महागाई जोखतो ती रोज विकत घेतो त्या वस्तूंवरून. टीव्ही स्वस्त झाला हे आठ वर्षांतून एकदा कळतं, कोथिंबिरीची जुडी महागली हे दर दोन दिवसांनी. रिझर्व्ह बँक मोठ्या शहरांतल्या कुटुंबांना ‘सध्या महागाई किती वाटते’ असं नियमित विचारते. २०२४ च्या सुरुवातीला लोकांचं उत्तर ८ टक्क्यांच्या आसपास होतं, तेव्हा सरकारी आकडा ५ च्या आसपास होता. लोकांना हिशेब कळत नाही, असा निष्कर्ष यातून काढणारे चुकतात. लोक त्यांच्या पिशवीचा हिशेब अचूक सांगत असतात, सरकारी टोपलीचा नव्हे.

पैसा किती येतो

आता २००९ चं कोडं. भाव चढत होते, पण हातात येणारा पैसाही चढत होता. रोजगार हमी कायदा २००८ मध्ये देशभर लागू झाला होता. त्यानं गावात मजुरीला एक खालची पायरी मिळाली आणि मजूर भाव करू लागला. सुमारे ७१ हजार कोटींची शेतकरी कर्जमाफी जाहीर झाली होती. गव्हाचा हमीभाव क्विंटलला १००० रुपयांवर गेला होता. सरकारी नोकरांना सहावा वेतन आयोग लागू झाला होता आणि थकबाकीही मिळत होती. डाळ महाग झाली म्हणून लोक चिडले असतील, पण डाळ आणणं परवडत होतं.

पाच वर्षांनी चित्र फिरलं. २०१० ते २०१३ या काळात महागाई सतत ९-१० टक्क्यांच्या आसपास राहिली आणि २०१३ च्या हिवाळ्यात ११ च्या पुढे गेली. आर्थिक वाढ मंदावली होती, नोकऱ्या अडल्या होत्या. त्यातच सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारनं अनुदानाच्या गॅस सिलिंडरवर मर्यादा घातली: वर्षाला कुटुंबामागे सहा. चार-पाच माणसांच्या घराला सहा सिलिंडर पुरत नाहीत, हे कुणाही गृहिणीनं सांगितलं असतं. पुढे ती मर्यादा नऊ केली, निवडणुकीच्या तोंडावर बारा केली. पण तोपर्यंत बाहेरच्या दरानं सिलिंडर आणायची वेळ अनेक घरांवर येऊन गेली होती. भाजपनं ‘बहुत हुई महंगाई की मार’ ही घोषणा दिली आणि काँग्रेस ४४ जागांवर आली. अर्थात त्या पराभवात भ्रष्टाचाराच्या आरोपांचा वाटा मोठा होता. पण भ्रष्टाचाराचा राग आणि रिकामा खिसा एकत्र आले की एकाला दुसऱ्याची धार चढते: आपल्याला सिलिंडर मोजून आणि तिकडे हजारो कोटी.

दोष कुणाचा

सिलिंडरचं उदाहरण मुद्दाम लांबवलं. भाजी महागली तर लोक पावसाला, व्यापाऱ्याला, वाहतुकीला दोष देतात. सिलिंडरचा भाव मात्र एक असतो, गावभर सारखाच असतो, सरकारी कंपनी ठरवते आणि तो वाढला की बातमी येते. म्हणजे खर्च घराचा आणि पत्ता थेट सरकारचा. पेट्रोलचंही तसंच. म्हणून प्रत्येक सरकार निवडणूक जवळ आली की या दोन वस्तूंकडे आधी वळतं.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत सिलिंडर ११०२ रुपये ५० पैशांना होता. रक्षाबंधनाच्या तोंडावर त्यात २०० रुपये कपात झाली, ८ मार्च २०२४ ला महिला दिनाचं निमित्त साधून आणखी १००. पुढच्याच आठवड्यात पेट्रोल-डिझेल २ रुपयांनी उतरलं आणि दुसऱ्याच दिवशी निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर झाला. त्याआधी उत्तर प्रदेशासह पाच राज्यांच्या निवडणुकांच्या वेळी ४ नोव्हेंबर २०२१ पासून १३७ दिवस पेट्रोलचा दर हलला नव्हता. रशिया-युक्रेन युद्धामुळे कच्चं तेल भडकलेलं असतानाही. १० मार्चला निकाल लागला, २२ मार्चपासून दरवाढ सुरू झाली आणि दोन आठवड्यांत लिटरला १० रुपये वाढले. दर बाजार ठरवतो असं अधिकृत उत्तर असतं. तारखा पाहिल्या तर मला ते पटत नाही.

दोष ठरवण्यात आणखी एक गुंता आहे. २०२४ च्या त्याच पाहणीत महागाईला जबाबदार कोण, यावर अर्ध्याहून जास्त लोकांनी केंद्र आणि राज्य दोघंही असं सांगितलं. एकट्या केंद्राकडे बोट दाखवणारे त्याहून बरेच कमी होते. दोष असा वाटला गेला की कुणा एकावर राग निघत नाही. आणि पक्षनिष्ठाही आड येते. ज्याला सरकार मुळात आवडतं त्याला ‘जगभरच महागाई आहे’ हे कारण पटतं. ज्याला आवडत नाही त्याला तोच भाव नालायकीचा पुरावा वाटतो. त्यामुळे महागाईवर रागावलेले लोक सरकारविरुद्ध मत देतात हे दिसलं, तरी महागाईनंच त्यांचं मत बदललं असं लगेच म्हणता येत नाही. ज्यांची निष्ठा पक्की नाही त्या मधल्या मतदारावर खर्चाचा परिणाम खरा होतो. अटीतटीच्या जागा तोच ठरवतो.

महागाई उतरली असतानाही सरकार जाऊ शकतं, हे १९७७ मध्ये दिसलं. १९७२ चा दुष्काळ, त्यानंतरचा तेलाचा भडका, आणि १९७४-७५ मध्ये घाऊक महागाई २५ टक्क्यांवर. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी केली आणि हजारो बायका लाटणी-थाळ्या घेऊन रस्त्यावर आल्या. तेल, रवा, साखर, रॉकेल या घरातल्या गोष्टी राजकारणाच्या मध्यभागी आणायचं काम या बायकांनी केलं, आणि त्याची पुरेशी नोंद आपण ठेवलेली नाही असं मला वाटतं. पुढे आणीबाणीत भाव उतरले, १९७५-७६ मध्ये घाऊक महागाई शून्याच्याही खाली गेली. तरी १९७७ मध्ये इंदिरा गांधी हरल्या, आणि मृणालताई व अहिल्याताई दोघीही मुंबईतून लोकसभेवर निवडून गेल्या. मत आणीबाणीविरुद्ध होतं. पण घराघरांत ओळख आधीच्या मोर्चांनी करून दिली होती. तीन वर्षांनी, १९८० च्या जानेवारीत, महागाई पुन्हा भडकलेली असताना इंदिरा गांधींनी कांद्याचा भाव प्रचारात आणला आणि ३५३ जागा घेऊन परतल्या.

एकाच कांद्याची दोन घरं

इथवर मी ‘घर’ म्हटलं ते विकत घेणाऱ्याचं. महाराष्ट्रात राहून एवढ्यावर थांबणं बरोबर होणार नाही, कारण शहरातल्या घराचा खर्च हे गावातल्या घराचं उत्पन्न असतं.

कांद्याचा भाव दिल्लीला घाबरवतो, त्याला इतिहास आहे. १९९८ च्या नोव्हेंबरात दिल्ली विधानसभेच्या निवडणुकीत कांदा ४०-५० रुपये किलो झाला होता, भाजपची सत्ता गेली आणि शीला दीक्षित यांच्या नेतृत्वाखाली काँग्रेसला ७० पैकी ५२ जागा मिळाल्या. तेव्हापासून कांदा चढू लागला की केंद्राचा हात निर्यातीच्या दाराकडे जातो, सरकार कुठल्याही पक्षाचं असो.

२०२३ मध्ये तेच झालं. जुलैत टोमॅटोनं अन्नाची महागाई ११.५ टक्क्यांवर नेली होती, लोकसभा निवडणूक आठ-नऊ महिन्यांवर होती. १९ ऑगस्टला कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागलं. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य, म्हणजे त्याहून कमी भावानं कांदा बाहेर पाठवायला मनाई. ७ डिसेंबरच्या रात्री थेट बंदी. लासलगावात लाल कांद्याचा सरासरी भाव क्विंटलला ४००० च्या आसपास होता, महिनाभरात तो निम्म्यावर आला. लिलाव बंद पडले, नाशिक जिल्ह्यात मुंबई-आग्रा महामार्ग अडवला गेला.

आता दोन्ही घरांचा हिशेब मांडू. शहरातल्या कुटुंबाला महिन्याला पाच किलो कांदा लागतो असं धरा. भाव ३० चा ६० झाला तर महिन्याला १५० रुपये जादा. किरकोळ महागाई मोजायच्या तेव्हाच्या निर्देशांकात कांद्याचं वजन एक टक्कासुद्धा नव्हतं, ०.६४ टक्के होतं. दुसरीकडे ज्या शेतकऱ्याकडे ५० क्विंटल कांदा विकायचा आहे, त्याचा भाव क्विंटलला २००० नं पडला तर एका हंगामात एक लाख रुपये गेले. त्यातून त्याला बियाणं, खत, काढणीची मजुरी, सोसायटीचं कर्ज आणि घरचंही वाणसामान भागवायचं असतं. म्हणजे महागाईविरुद्धचा हा उपाय त्याच्या घरात महागाईसारखाच उतरतो: खर्च तोच, हातात पैसा अर्धा.

शहरातल्या कोट्यवधी घरांना थोडा थोडा फायदा झाला, तो कुणाला लक्षातही राहिला नाही. न वाढलेला भाव कुणाला दिसत नाही. काही लाख घरांचं मात्र मोठं नुकसान झालं, आणि त्या नुकसानीवर दिल्लीतल्या अधिसूचनेची तारीख होती. वर सांगितलेल्या दोन्ही अटी इथे पूर्ण झाल्या.

मार्चअखेर उठणारी बंदी वाढवली गेली. एप्रिलमध्ये गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला २००० टन निर्यातीची परवानगी मिळाली, आणि नाशिकमध्ये संतापाला आणखी कारण मिळालं. ४ मे रोजी बंदी उठली, पण शुल्क आणि किमान मूल्य लावूनच. १५ मे रोजी पिंपळगाव बसवंतच्या सभेत पंतप्रधानांचं भाषण चालू असताना एका तरुणानं ‘कांद्यावर बोला’ असं ओरडून सांगितलं. २० मे रोजी मतदान झालं. लासलगाव, निफाड, येवला, चांदवड ज्या दिंडोरी मतदारसंघात येतात, तिथे २०१९ मध्ये जवळपास दोन लाखांनी जिंकलेल्या केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार एक लाखाहून जास्त मतांनी हरल्या. नाशिकची जागाही सत्ताधारी आघाडीनं गमावली. राज्यात ४८ पैकी १७ जागा तिच्याकडे राहिल्या. पक्षफूट, मराठा आरक्षण, संविधानाबद्दलची भीती ही कारणंही होतीच. पण कांद्याचा फटका बसल्याचं सत्ताधारी नेत्यांनीच नंतर जाहीरपणे मान्य केलं.

हे मला अन्यायाचं वाटतं आणि ते स्पष्ट लिहायला हवं. शहरातल्या गरिबाला स्वस्त कांदा हवा, यात काही चूक नाही. पण त्याचं बिल सरकारी तिजोरीनं भरायला हवं. ते गुपचूप शेतकऱ्याच्या नावावर टाकलं जातं.

सहा महिन्यांत काय फिरलं

याच महाराष्ट्रात २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान झालं. त्याआधीच्या महिन्यात किरकोळ महागाई ६.२१ टक्के होती आणि अन्नाची १०.८७ टक्के, म्हणजे लोकसभेच्या वेळेपेक्षा जास्त. सोयाबीन ४८९२ च्या हमीभावाखाली विकलं जात होतं. तरी महायुतीला २८८ पैकी २३० जागा मिळाल्या.

मधल्या काळात दोन गोष्टी झाल्या होत्या. सप्टेंबरमध्ये कांद्याचं किमान निर्यातमूल्य काढून टाकलं आणि शुल्क ४० वरून २० टक्क्यांवर आणलं. आणि जुलैपासून मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत दरमहा १५०० रुपये सुरू झाले. मतदानापर्यंत दोन कोटींहून अधिक बायकांच्या खात्यात पाच हप्ते, म्हणजे ७५०० रुपये, जमा झाले होते. वरच्या उदाहरणातल्या घराचा महिन्याचा जादा खर्च १०६५ रुपये होता, तो आठवा. हप्ता त्यापेक्षा मोठा आहे, बाईच्या स्वतःच्या नावावर येतो, आणि कुणी दिला हे मोबाइलवर आलेला संदेशच सांगतो. भाव आवरण्यापेक्षा पैसे खात्यात टाकणं सरकारांना सोयीचं वाटतं ते यामुळे. केंद्राचं मोफत रेशन आणि पीएम-किसानचे वर्षाला ६००० रुपये याच जातीचे. अशा हप्त्याला लाच म्हणून हिणवणाऱ्यांशी मी सहमत नाही. हाताशी कधीच स्वतःचा पैसा नसलेल्या बाईसाठी तो खरा आधार आहे. पण हप्ता १५०० वरच राहतो आणि भाव दरवर्षी पुढे सरकतात, त्यामुळे त्याची ताकद आपोआप घटत जाते. तो वाढवून देण्याचं आश्वासन मग पुढच्या जाहीरनाम्यात येतं.

भाव पडण्याचंही राजकारण असतं, हे आकड्यांवरून पटकन लक्षात येत नाही. २०२५ च्या ऑक्टोबरात देशाची किरकोळ महागाई ०.२५ टक्क्यांवर आली आणि अन्नाची महागाई उणे ५.०२ टक्के झाली, म्हणजे खाण्याच्या वस्तू वर्षापूर्वीपेक्षा स्वस्त होत्या. शहरातल्या घरांना दिलासा मिळाला. कांद्यावरचं निर्यातशुल्क तर एप्रिलमध्येच पूर्ण काढलं होतं, तरी नाशिकच्या बाजार समित्यांत उन्हाळ कांद्याला उत्पादनखर्चाएवढाही भाव मिळत नव्हता, आणि मराठवाड्यात अतिवृष्टीनं सोयाबीन कुजलं होतं. त्या महिन्यात सरकारी आकड्यात महागाई जवळपास संपली होती. शेतावरच्या कांदाचाळीत माल साठवून भाव वाढायची वाट पाहणाऱ्या घराला मात्र किराणा उधारीवर आणावा लागत होता.